दक्षिणेकडे, जरा पूर्वेला

सातच्या आत चढायचं, निनावे म्हणतो.
मे महिन्यात नागपूरचा स्लॅब
नऊनंतर बुटातूनही पाय ओळखतो.

पाचपावलीतली हेडाऊबाईंची गच्ची.
एका कोपऱ्यात धोतरावर वाळत घातलेल्या कुरड्या,
दुसऱ्यात कूलरची जुनी, काळी पडलेली ताटी.
"तिकडे लाव डिश. माह्या कुरड्यायवर सावली पडू देजो नोको."
मी मान डोलावतो.
सावली कुठं पडेल ते सूर्य ठरवतो, बाई,
हे बोलत नाही.

आधी तारा बघायच्या.
गल्लीवरून लाइन जाते,
खालून वाटते तितकी ती लांब नसते.
पाइप वर आणायचा तो आडवा, उभा कधीच नाही.
बंद आहे, असं कुणी शपथेवर सांगितलं
तरी तार चालूच समजायची.

मग दोर.
टाकीच्या कॉलमला दोन वेढे, कमरेला गाठ,
गाठीला दोनदा झटका.
कठड्याला बांधायचा नाही. कठडा एका विटेचा,
कपडे वाळवण्यापुरता.

नऊ वर्षांपूर्वी इतवारीत, सिमेंटच्या पत्र्यावर,
निनावे फक्त पाना घ्यायला
दोन पावलं सरकला होता.
दोर होता.
पिशवीत होता.

चार भोकं. प्लास्टरपुरती नाही, पार विटेत.
भुकटी फुंकून काढायची, डोळे मिटून.
चार बोल्ट. तिनात भागते म्हणणाऱ्यानं
वैशाखातलं वावधान इथं उभं राहून बघावं.
खांब ओळंब्यात.
केबल आत शिरण्याआधी तिला खाली एक झोळ,
पाणी तिथून गळून जातं,
घरात चित्रं तेवढी जातात.

तबकडी दक्षिणेकडे, जरा पूर्वेला.
"यमाकडे तोंड करून राहिला का रे?" बाई, जिन्यातून.
"काय करता काकू, सारे उपग्रह तिकडेच हायेत."

खाली टीव्हीसमोर निनावे,
कुबडी मांडीवर आडवी.
जिन्यातून त्याचा आवाज तेवढा वर येतो.
"चाळीस... पंचेचाळीस... गेलं बे! माघारी. केसभर."
मी केसभर हलवतो.
छत्तीस हजार किलोमीटरवरचं ते काहीतरी
माझ्या मनगटात अडलेलं.
"साठ. बासष्ट. थांब!
हलू नोको. आता कस."

एकेक नट कसतो, आळीपाळीनं.
खाली कुणीतरी बातम्या सांगू लागतं,
मग लगेच कुणीतरी वांग्याचं भरीत.

"अर्ध्या तासाचं तर काम," बाई पैसे मोजत म्हणतात.
बशीत कप वाजतो. निनावे उत्तर देत नाही.

मी हत्यारं मोजतो. ड्रिल, पाना, कंपास, ओळंबा.
कुरड्यांवर सावली पडली आहे, थोडी.
"दोर सोडला का?" खालून.
नाही. जिन्यात पाय टेकल्यावर.
त्याला माहीत असतं,
तरी विचारतो.
रोज विचारतो.