अडीचशे शब्द, चाळीस मिनिटं

अलकापुरी, दुसरा मजला, खाली चष्म्यांचं दुकान.
एसीचं पाणी बादलीत पडतं, बादली भरली
की पहिल्या बाकावरचा उठतो, न सांगता.

फळ्यावर मी आजचा विषय लिहिला:
देशाने संघातून बाहेर पडावं का,
आणि बाहेरून येणाऱ्यांना आत घ्यावं ते किती.
दोन्ही बाजू मांडा. स्वतःचं मत शेवटी.
सहा माना खाली गेल्या.
सहा जणांचे सहा पासपोर्ट, आतली पानं अजून
एकमेकांना चिकटलेली.

तिकडे विलायतेत कालच मतं पडली होती.
जिज्ञासाची काशीफोई लेस्टरला असते.
बहात्तरात कंपालाहून निघाली, एका पेटीत सगळा संसार.
तिने 'बाहेर'वर फुली मारली.
फोनवर म्हणाली, बहु थई गया हवे. फार झाले आता.
जिज्ञासाने ते पहिल्या बाजूला मांडलं,
दुसऱ्या बाजूलाही तेच मांडलं,
आणि मला विचारलं, फोईचं नाव घालू का, बेन,
व्हिसाला अडचण तर नाही ना यायची?

ऋत्विज पढियार पादऱ्याचा, घरची परवळाची वाडी.
त्याने लिहिलं, नियंत्रण हवंच.
घरं पुरत नाहीत, दवाखान्यात रांगा लागतात,
येणारा कमी पगारात राबतो
आणि इथल्याचा भाव पाडतो.
मुद्दे चोख. नवापैकी सात.
वही परत घेताना हसला:
आ तो मारा उपर ज लख्युं ने, बेन?
मी म्हटलं, हो, पण 'द' तीनदा गाळलायस.
'द' नसला तर कुठला देश ते कळत नाही.
आपल्या दोघांच्याही भाषेत तो नाही,
म्हणून हात चुकतो.

माझ्या पणजोबांना कुणी निबंध मागितला नव्हता.
वाईकडून गायकवाड सरकारच्या कचेरीत आले,
मोडी वळणदार होती, तेवढ्यावर भागलं.
पुढे साठ साली राज्याचे दोन भाग झाले
तेव्हा बाबांच्या टेबलावर फॉर्म आला: इकडे की तिकडे.
दांडिया बाजारात रोज रात्री वाद,
ओट्यावर, न्हाव्याकडे, लग्नाच्या पंगतीतसुद्धा,
वाढप्याने मठ्ठा हातात धरून मत दिलेलं.
बाबांनी फॉर्म तीन दिवस उशीखाली ठेवला
आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं:
पाण्याची सवय.
दोन शब्द. आज मी त्यांना शून्य दिलं असतं.

फरझाना वोहरा, करजण, शेवटचं बाक.
अर्धा तास झाला तरी एकच परिच्छेद.
हळूच म्हणाली, उदाहरण देऊ का, बेन, खरं?
आम्ही इथे फ्लॅट घेत होतो, बयाणा दिला होता,
तर सोसायटीने मीटिंग भरवली,
हात वर करून मतं घेतली.
ज्यांनी आदल्या रविवारी चहा पाजला
त्यांचाही हात वर होता.
मी घड्याळाकडे पाहिलं.
म्हटलं, परीक्षकाला ते कळायचं नाही,
उदाहरण सगळ्यांना लागू पडेल असं हवं.
तिने मान हलवली. खोडलं.
वर लिहिलं: काही लोकांना असं वाटतं की.

बादली भरून फरशीवर ओघळ आला,
आज कुणी उठलं नाही.
उद्याचा विषय: प्राणिसंग्रहालयं बंद करावीत का.
त्याला बरं, कमाटीबाग जवळ आहे.

रात्री पेपर तपासताना
फरझानाचं खोडलेलं वाचता येत होतं,
एकेरी रेघ, फार जोर न देता मारलेली.
खोडलेले शब्द मोजायचे नसतात.
मी मोजले. त्रेचाळीस.

गेल्या दिवाळीत आमच्याही सोसायटीत अशी मीटिंग होती.
मी गेले नव्हते.
क्लास होता.