लोहचुंबक

जुन्या वोकला भोक पडलं मंगळवारी,
अगदी मधोमध, मसुराएवढं.
तेल ज्योतीवर ठिबकलं,
ज्योत हातभर उठली
आणि गिऱ्हाइकांनी टाळ्या वाजवल्या.
त्यांना वाटलं, ही माझी तऱ्हाच आहे.

मी नेलिदा वामानी. वय बावन्न.
लिमा शहराच्या उत्तर टोकाला, शेवटच्या बसथांब्यासमोर
माझी चाउफाची गाडी, म्हणजे परतलेला भात,
अंडं, कांद्याची पात, आणि असेल तर कोंबडी.
पर्समध्ये साठ सोल. त्यातले वीस गॅसवाल्याचे.
उरले चाळीस. बसमध्ये पुन्हा मोजले.
मोजून वाढत नाहीत, तरी.

मॉलमधल्या पोराच्या छातीवर नावाची पट्टी होती.
"याला काही म्हणजे काही चिकटत नाही."
मोठ्या आचेवर?
"मोठी आच मात्र नको."
मग भात कशावर परतू, प्रार्थनेवर?
एकशेवीस सोल.
मी कडेला नख लावलं, ओरखडा उठला.
दोघांनीही तो न पाहिल्यासारखं केलं.

बाजारात अ‍ॅल्युमिनियमचे होते,
वाऱ्याने उडतील असे.
स्टीलचे होते, त्यात माझं नाक दिसलं, नेहमीपेक्षा मोठं.
प्रत्येकाला मी खिशातलं लोहचुंबक लावून पाहत होते:
गॅस कंपनीने फुकट दिलेलं, सिलिंडरच्या आकाराचं,
फोन नंबरचे शेवटचे तीन आकडे पुसलेले.
फ्रिजवरून काढून आणलं होतं.
भावजय ओफेलिया म्हणाली होती,
चिकटेल तिथं थांब, मग भाव विचार.
कुठंच चिकटेना.

दुपारी पारुरो रस्त्यावर, चिनी कमानीच्या मागे.
आभाळ त्या राखाडी रंगाचं,
जो इथं जूनमध्ये येतो तो ऑक्टोबरपर्यंत हलत नाही.
म्हातारे अबेलार्दो स्यू स्टुलावरून उठले नाहीत.
"कशाला हवा?"
चाउफाला.
"आच केवढी?"
मी बाही वर केली.
मनगटापासून कोपरापर्यंत एक केस नाही, सगळे जळलेले.
त्यांनी हात पाहिला, भिंतीवरचे चकचकीत पाहिले,
आणि पायाच्या अंगठ्याने दाखवला
ढिगाच्या तळाशी एक,
ग्रीस फासलेला, मळकट, बिननावाचा.
चुंबक हातातून सुटून त्याला जाऊन बसलं.

पंचेचाळीस.
गंज आहे, मी म्हटलं.
"घासा."
डुगडुगतो.
"शेगडीला कडं आहे ना?"
आहे. मलाही माहीत होतं आहे.
बोटाच्या पेराने वाजवून पाहिला.
घंटेसारखा नाही वाजला;
दार ठोठावल्यावर आत कुणी आहे
असं कळतं, तसा.
पस्तीस म्हटलं, अडतीसवर आलो,
घासाघीस आधी दुकानात,
मग रात्रभर घरी, राख आणि काथ्या घेऊन.

बसमध्ये तो मांडीवर पालथा होता.
शेजारच्या मुलाने विचारलं, हेल्मेट आहे का?
हो म्हटलं.

आचेवर ठेवला. आधी पिवळा पडला, मग जांभळा,
मग कबुतराच्या मानेसारखा निळा,
आणि धूर असा की वरच्या मजल्यावरून
विल्बेर ओरडला, काय जळतंय?
काही नाही, शिकतोय, मी म्हटलं.
तेल, पातीच्या मुळ्या, आल्याची सालं,
पुन्हा तेल. पहाटे तीन.

पहिल्या दिवशी भात चिकटला.
दुसऱ्या दिवशी चिकटला, आणि मी फुकट वाटला.
चौथ्या दिवशी फक्त अंडं.
सहाव्या दिवशी बसचा कंडक्टर दोन घास खाऊन थांबला,
चव बदलली म्हणाला.
चांगली की वाईट ते बोलला नाही,
दुसरी प्लेट मागितली.

एक सांगायचं राहिलं.
चुंबक काढायला मी विसरले होते.
त्या पहिल्या रात्री बुडाखाली ते वितळलं
(विल्बेरला वास आला तो बहुधा त्याचाच)
आणि लोखंडावर डाग उरला,
सिलिंडरच्या आकाराचा.
घासून जात नाही.
गॅसवाला आला तेव्हा वोक उलटा करून दाखवला.
त्याने वाकून पाहिलं, कौतुकाने.
छान, म्हणाला. वीस सोल.