कलम एकोणसाठ

सकाळी साडेसातच्या तासाला
फळ्यावर फ्रान्स काढला, जरा वाकडाच.
एक राजा मेला. मागे मुलगी, वय वर्षं चार,
आणि राणीच्या पोटात एक.
मुलगा निघाला. राजा झाला.
पाच दिवसांत गेलाही.
मग काका.

"मॅडम, मुलगी होती ना?"
शेवटच्या बाकावरून ताहेरा.
होती गं. पण आधी काका बसला,
कायदा नंतर सापडला,
चाळीसेक वर्षांनी, एका साधूला, मठातल्या बाडात:
कलम एकोणसाठ, जमीन बाईकडे जाणार नाही.
त्याच बाडात डुक्कर चोरल्याचा दंड आहे,
पिल्लू किती, माजलेलं किती, सगळं तपशीलवार.
आणि आईकडून हक्क चालतो का,
एवढ्यावरून शंभर वर्षं माणसं मेली.

वाघोले म्हणाला, "किती मार्कांना येतं?"
पाच. टीपा लिहा.

दुपारी दुय्यम निबंधक, हवेली.
टोकन एकशे बेचाळीस.
दादानं हक्कसोड टाइप करूनच आणलं होतं.
मांजरीची सव्वा एकर,
बोरीच्या जागी आता बिल्डरचा निळा पत्रा.
"मी राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय"
दडपण खरंच नव्हतं.
उसाचा रस होता, बिनबर्फाचा,
माझा घसा त्याच्या लक्षात असतो.
पिशवीत वहिनीनं निवडलेली नारायणपेठ.
"कायदा तुझ्या बाजूनं आहे, माहितीय मला,
पण रीत असते बाई एक."
रीत कुठल्या बाडात सापडली,
विचारलं नाही.

ताहेराचा दुसरा प्रश्न घंटेत बुडाला होता:
पुढे त्या मुलीचं काय झालं?
आधी तिच्या वतीनं मामानं सोडलं.
मोठी झाल्यावर तिनं स्वतः.
डोंगरातलं एक लहानसं राज्य तेवढं मिळालं,
आजीकडून आलेलं,
तिथं हे कलम कुणी ऐकलं नव्हतं.
नवऱ्याशेजारी बसून राज्य केलं म्हणतात.
पुस्तकात एवढं देत नाहीत.

यंत्रावर अंगठा ठेवला. लाल दिवा.
पुन्हा लाल.
"खडूवाल्या मॅडमांचं असंच होतं," ऑपरेटर म्हणाला,
"ठसाच उरत नाही."
दादानं रुमाल काढला,
माझा अंगठा धरून पुसू लागला,
लहानपणी काटा काढायचा तसा,
ओठ दुमडून.

मागे एकशे त्रेचाळीस येऊन उभे राहिले,
दोघं भाऊ आणि मध्ये एक म्हातारी बहीण.

"दाबा परत."