खोका गप्प बसवताना

लोटलीच्या बेर्नाबे कुतिन्यांनी टेम्पोतून दोन स्पीकर पाठवले,
गोधडीत गुंडाळलेले, जुळ्या म्हाताऱ्यांसारखे.
बैराहून बोटीने आलेले, एकसष्ट साली.
वरून शिसवीचा पापुद्रा,
एका कोपऱ्यात वाळवीने चाखून सोडलेला.
सोबत चिठ्ठी:
बाई गाते ती विहिरीतून गाते.
तिला वर काढ.

कोनचा कागद अजून धड होता,
कॉइलही ठीक.
मग विहीर कुठली?

बोटाच्या पेराने खोका वाजवत गेलो,
फणस वाजवतात तसा.
पुढची फळी: ठक्.
तळ: ठक्.
मागची फळी, डावीकडे, वीतभर खाली:
ढूंऽऽ.
तिथे कुणीतरी राहत होतं.

आता हे कुणाला सांगायचं,
की बांदोड्याच्या ज्या घरात घुमटं मढवली जातात
त्याच घरात मी खोके मुके करतो.
बाबा डिचोलीच्या कुंभाराकडून मडकं आणायचे,
टिचकी मारून, कानाशी धरून, दहांतलं एक.
घोरपडीचं कातडं बंद झालं, बकऱ्याचं आलं,
तेव्हापासून त्यांची कुरकुर चालू आहे.
मातीने बोलायलाच हवं, हा त्यांचा धंदा.
लाकडाने बोलू नये, हा माझा.
जेवायला मात्र शेजारी बसतो.

डांबराचे पत्रे चिकटवले. लोकर भरली.
जास्त झाली, काढली;
फार लोकरीत बाईचा श्वासही बुडतो.
मधोमध सागाचा आडवा दांडा ठोकला.
ढूं गेलं नाही, नुसतं सरकलं:
आधी एकशे साठला उडी मारणारी मीटरची सुई
आता दोनशे नव्वदला उडी मारू लागली.

तिसऱ्या दिवशी बाबा आले.
एक कान गेलेला, दुसऱ्याचं खरं नाही.
त्यांनी कान लावलाच नाही.
फळीवर तळवा ठेवला,
गाभण म्हशीच्या पोटावर ठेवतात तसा.
"मधोमध कशाला ठोकलास, पुता?
दोन सारखे वाटे केलेस,
दोघे एकच सूर धरून बसलेत.
वाटणी वाकडी कर.
भावाभावांत भांडण लाव,
एकालाही गाता येणार नाही."

हे कुठल्याच मॅन्युअलात नव्हतं,
किंवा होतं आणि मी ते पान
आकडे बघून उलटलं होतं.
दांडा चार बोटं सरकवला. तिरका केला.
मागे दुसरी फळी, दोन्हींत अर्धा इंच फट,
फटीत खांडेपारच्या नदीची रेती,
चुलीवर भाजून कोरडी केलेली.
समुद्राची नको, तिच्यातलं मीठ खिळे खातं.
आई म्हणाली, कढई आता तूच घास.

सगळं स्क्रूवर. सरस कुठेच नाही.
पुढेमागे कुणाला विहीर परत हवी असली
तर खोलता यावी.

रात्री बाई लावली.
ती खिडकी आणि कपाट यांच्या मधे उभी होती,
साधारण माझ्याच उंचीची.
शब्द पोर्तुगीज, मला कळले नाहीत,
पण ओळ संपल्यावर ओठ मिटतात, तो आवाज आला.
बाबांनी मागच्या फळीला तळवा लावला.
बराच वेळ.
"मेला," म्हणाले.

माझ्या धंद्यात याहून मोठी शाबासकी नाही.
त्यांच्या धंद्यात ही शिवी.
कुठल्या धंद्यातलं बोललात, हे मी विचारलं नाही.

चवथ आठ दिवसांवर.
उरलेली रेती बिस्किटाच्या डब्यात, कोनाड्यात.
नवं घुमट मी तिथेच टेकवायला गेलो तर
बाबा ओरडले, खरंच ओरडले:
त्या डब्याजवळ नको.
सवय लागेल त्याला.