खरं

आमच्याकडं 'पण'ला 'खरं' म्हणतात.
येणार होते, खरं गाडी चुकली.
पुण्याच्या मुलाखतीत मी असंच काहीतरी बोलले,
समोरचे तिघं एकमेकांकडं बघून हसले,
आणि मी निपाणीला परत आले.

आता नाडकचेरीसमोर माझं दुकान.
एक झेरॉक्स, एक कॉम्प्युटर, टाचण्यांचा डबा.
पाटीवर वर कानडी, खाली मराठी,
वरच्या ओळीला रंग जास्त लागला, पेंटरनं पैसेही जास्त घेतले.
जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला.
आजोबाचं नाव मराठी शाळेतलं, बापाचं कानडी,
मधे एक काना गळला की माणूसच दुसरा होतो.
मग मी अफिडेव्हिट करून देते:
लगमाण्णा आणि लक्ष्मण हे दोघे
एकच इसम आहेत.

धाकटी मालन कागलला दिली.
कोगनोळीचा नाका, पुढं दूधगंगेचा पूल, संपलं.
तिच्या पोराच्या दाखल्यावर एक गट,
माझ्या पोरीच्या दाखल्यावर दुसरा.
जात तीच, देव तोच, सुतकाचे दिवस तेवढेच,
खरं पूल ओलांडला की आम्ही एक पायरी हलतो.
वर की खाली, ते विचारू नका.
दोघी बहिणी अजून भांडतोय त्यावर.

आई तंबाखूच्या वखारीत होती.
तोंडाला पदर, पदरात खकाणा,
शनिवारी काट्यावर हिशोब.
दिवाणजी वजन मोठ्यानं वाचायचा
आणि लिहिणाऱ्याला हळू सांगायचा,
"जरा कमी घाला."
पाणी मागितलं तर उंचावरून ओतायचे ओंजळीत.
हे तिनं कधी सांगितलं नाही.
दप्तर घेऊन मी दारात थांबले होते.

परवा त्या वखारवाल्यांचा नातू आला, विक्रांत.
वखारीच्या जागी आता मंगल कार्यालय आहे,
गेल्या वर्षी मालनच्या नणंदेचं लग्न तिथंच झालं,
भाडं ऐकून आई दोन दिवस तेच बोलत होती.
त्याला पोराच्या ॲडमिशनला उत्पन्नाचा दाखला हवा होता.
"बसा," म्हटलं. बसला नाही.
"आकडा किती घालू?"
गाडीची किल्ली बोटावर फिरवत म्हणाला,
"जरा कमी घाला, ताई."

माझी बोटं थांबली.
तंबाखू नव्हता कुठं, खरं मला ठसका लागला,
डोळ्यांत पाणी येईपर्यंत.
त्यानं टेबलावरची बाटली उचलून पुढं केली,
"पाणी घ्या, पाणी घ्या."
माझीच बाटली.
मी प्याले, तोंड न लावता, वरून.
सवय आहे.

"आकडा तुम्ही सांगा, मी नुसतं टाईप करते."
त्यानं सांगितला. मी टाकला.
तीस रुपये झाले, पन्नासची नोट देऊन
सुट्ट्यासाठी मात्र थांबला.

रात्री आईला सांगितलं.
ती लसूण सोलत होती. मान वर केली नाही.
"खोटं लिहिलंस व्हय?"
"व्हय," म्हटलं. "खरं..."

लसणाची टरफलं पंख्यानं खोलीभर झाली.
ती वाट बघत होती.