बेडूक

सांग्याला, पुलाजवळच्या टपरीत
गुरुदास मोबाईल पुढे करतो.
नाण्यावर बेडूक, हिरवा, हसरा.
"काल आठ हजार. आज एकोणीस."
बापाच्या मटक्याला मात्र तो जुगार म्हणतो.

मी विचारतो, "हे नाणं करतं काय?"
"काही नाही. म्हणूनच तर वाढतं."

लहानपणी आम्ही रात्री शेतात जायचो
पोतं आणि बॅटरी घेऊन.
डोळ्यांवर उजेड धरला
की बेडूक हलायचा नाही,
हात पोचेपर्यंत
बघतच राहायचा.
गुरुदासचा हात कधी चुकला नाही.

रात्रीचा दीड. वीज गेलेली.
त्याच्या खिडकीत मोबाईलचा उजेड,
त्यात चेहरा.
पापणीही हलत नाही.

मी हाक मारत नाही.
माझेही दोन हजार आहेत त्यात.