पिठी

वाळूजला, रात्रपाळीत,
भट्टीच्या तोंडाशी ज्योतींचा पडदा हलत असतो
आणि अमोनियाचा वास नाकात घर करून बसतो.
मी तापमान लिहिणारा. दर अर्ध्या तासाला एक आकडा.

सुगलाबाई कच्च्या बुशा मांडते पांढऱ्या प्लेटवर.
कच्च्या म्हणजे लोखंडाची भुकटी, नुसती दाबलेली,
बोटानं जोर दिला तर बिस्किटासारखी तुटणारी.
मांडायच्या आधी चिमटीनं पसरते
अॅल्युमिनाची पूड,
परातीत पिठी टाकावी तशी,
खाली चिकटू नये म्हणून.
"टेकू द्यायचा. धरून नाही ठेवायचं."
हे ती प्लेटीला सांगते की मला, कळत नाही.

साडेअकराशे अंश.
लोखंड वितळत नाही एवढ्यात,
कण फक्त शेजारच्या कणाला ओळखू लागतो,
दोघांमध्ये बारीक मान फुटते.
खाली प्लेट. तिला काही होत नाही.
होत असेल, तर बोलत नाही.

मागच्या महिन्यात मानवतचं नवं पोरगं, मुंजाजी.
पांढऱ्या प्लेटा संपल्या म्हणून
त्यानं पलीकडच्या लाइनीतल्या काळ्या घेतल्या, ग्राफाइटच्या,
गुळगुळीत, दिसायला देखण्या.
पहाटे बाहेर आलं ते एकच ढेकूळ.
काळ्या प्लेटीनं आपला कोळसा लोखंडाला देऊन टाकला होता,
लोखंडानं घेतला
आणि पाघळलं.
देगलूरकर साहेबांनी रजिस्टरात लिहिलं: चुकीचा आधार.
मुंजाजी छन्नी घेऊन बसला उजाडेपर्यंत,
एकही बूस सुटली नाही.
सुगलाबाईनं डबा उघडला,
कारळाची चटणी त्याच्यापुढं सरकवली.
"लई जीव लावला की असंच होतं, लेकरा."

पांढरी प्लेटही कायमची नसते.
शे-दोनशे फेऱ्या, मग मधोमध किंचित वाकते,
कोपऱ्याला केसाएवढी चीर.
मी नखानं वाजवून बघतो:
चांगली टणकन बोलते, फुटकी बद्द.
बद्द बोलली की भंगारात.

त्यातला एक तुकडा सुगलाबाईनं नेला,
बजाजनगरच्या खोलीत, मोरीपाशी ठेवलाय.
विळीला धार लावते त्यावर.
हजारो बुशा अंगावरून गेल्या, एक डाग नव्हता,
आता मधोमध लोखंडाची काळी रेघ.

मी म्हटलं, दुसरा देतो, कोरा.
नको म्हणाली,
हा आता हाताला बसलाय.